बाबा फोनवर गप्प झाले म्हणून हे पत्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर सांगितलं की रजा घेऊन मी डोंगरात पायवाटा नीट करायला आणि घाणेरी काढायला आलोय, आणि बाबा एकदम गप्प झाले, मग आईने "जेवलास का" विचारून फोन ठेवून दिला, तेव्हापासून मला चैन नाहीये. इथे टेकाडावर गेल्याशिवाय रेंज येत नाही, धड बोलणं होत नाही, म्हणून लिहून पाठवतोय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, बाबांना मोबाईलवर वाचायला लावू नकोस, डोळ्याचं ऑपरेशन होऊन दीडच महिना झालाय.

तीन महिन्यांची बिनपगारी रजा मी घरी राहायला घेतली असं तुम्हाला वाटलं, आणि दिवाळीभर मी ते खोडलंही नाही. चुकलं माझं. ताईला आधी सांगितलं, तेही चुकलं. पण मी लांब नाही गेलो हो, महूजवळच्या जानापाव डोंगराच्या पलीकडे आहे, पुण्याहून रात्रभर बसमध्ये अंग आखडून येतो त्यापेक्षा कितीतरी जवळ. रोज घरून जाऊन-येऊन जमलं असतं तर तेच केलं असतं, पण काम साडेसहाला सुरू होतं आणि खरं शिकणं संध्याकाळी, गावातले एक आजोबा बरोबर फिरतात, पाणी कुठून उतरतं, कुठे मुरतं ते दाखवतात.

बाबा, जानापावला तुम्हीच सांगितलं होतं ना की इथून चंबळ निघते आणि यमुनेला मिळते, आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाचे ओढे नर्मदेकडे उतरतात. ते आता रोज डोळ्यांनी बघतोय.

आमचं काम पायवाटेचं. वाटेवर चिखल झाला की लोक कडेने चालतात, मग वाट रुंद होत जाते, वळणावर कोणी सरळ शॉर्टकट मारला की पुढच्या पावसात पाणीही तिथूनच धावतं आणि माती घेऊन जातं. म्हणून वाटेला उताराच्या बाजूला जरासा कल द्यायचा, आणि मधेमधे तिरके दगड बसवायचे म्हणजे पाणी बाजूला उतरतं. एक दगड बसवायला मला पहिल्या दिवशी दोन तास लागले. गैंतीने, म्हणजे टोकदार कुदळीने, चर खणायचा, दगडाचे दोन हिस्से जमिनीत आणि एकच हिस्सा वर, मग त्याच्यावर उभं राहायचं, जरा जरी हलला तरी काढून पुन्हा बसवायचा. तिसऱ्या वेळी हलला नाही तेव्हा मला आपलं अंगण आठवलं, पावसात बाबा छत्री मानेत धरून खुरपीने छोटी नाली काढायचे, तुळशीत पाणी साचू नये म्हणून, आणि मी त्यात कागदाच्या होड्या सोडायचो. तेव्हा मला तो खेळ वाटायचा.

दुसरं काम घाणेरीचं. आई, तीच, जिची काळी फळं खाल्ली म्हणून तू मला धपाटा घातला होतास. इंग्रजांनी बागेत शोभेला आणली आणि आता डोंगरच्या डोंगर तिने गिळलेत, खाली गवत उगवत नाही, गुरं काय खाणार. वरून कापली तर दुप्पट फुटते, म्हणून मातीखाली दोन-तीन बोटं जाऊन मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून सुकवायचं. फळ धरायच्या आत काढायची, नाहीतर पाखरं बी घेऊन सगळीकडे जातात. बाबा म्हणाले, रिटायर झाल्यावर कर हे. पण पाऊस नुकताच गेलाय, पाणी कुठून वाहिलं ते आत्ता दिसतं, आणि गुडघेही आत्ताच चांगले आहेत. वनखात्याच्या परवानगीचा कागद मी स्वतः वाचलाय, बाबा, ती काळजी नको.

माझी तर नकोच. खोली पक्की आहे, रजई दोन आहेत, मच्छरदाणी आहे, आंघोळीला चुलीवरचं गरम पाणी मिळतं. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, काठीशिवाय गवतात पाय टाकत नाही. जेवायला मक्याची भाकरी, डाळ, परवा पानिये, म्हणजे पानात भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या, केले होते. फक्त वरून भुरभुरवायला आपला जिरावण मसाला नाहीये, डबी काढून ठेव. चिवडा नको करू, उगीच उभं राहून भाजत बसशील.

आता नीट ऐका. बाबांनी गच्चीवर टाकी बघायला चढायचं नाही, शेजारच्या दादाला मी सांगून ठेवलंय. उजेड झाल्याशिवाय फिरायला जायचं नाही, गेलात तर मफलर. आई, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, तू सोडतेस, मला माहितीये. डॉक्टरकडे पुढच्या शुक्रवारी मीच नेणार आहे, रिक्षा करून दोघंच निघू नका. ओटीपी कोणालाही नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही.

बाबा, रागावला असाल तर रागवा, पण फोनवर बोला. मी रोज साडेसातला टेकाडावर जाऊन उभा राहतो.

दर दुसऱ्या रविवारी घरी आहे, या रविवारपासूनच. दुपारपर्यंत पोचतो, जेवायला थांबा. आणि बाबा, ती खुरपी असेल ना अजून, माळ्यावर चढू नका, मी आलो की काढतो.

तुमचा,
बाळ