गच्चीवरचा भोंगा आणि नोंदवही

खानापूर, जि. बेळगाव
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र गेल्या मंगळवारी पोचले. निपाणीच्या शाळेच्या गच्चीवर माझ्याकडे आहे तसा भोंगा उभा करून मुलांना आकाशगंगा दाखवायची असे तू ठरवले आहेस, हे वाचून फार बरे वाटले. पत्र्याची मापे, तारांची जोडणी, संगणकातील प्रणाली या सर्वांविषयी तू बारकाईने विचारले आहेस. मात्र रात्रभर जे येते ते साठवायचे कसे आणि त्याच्या नोंदी ठेवायच्या कशा, याबद्दल एक अक्षरही विचारलेले नाहीस. मीही ते कोणाला विचारले नव्हते. त्यामुळे भोंग्याचे थोडक्यात आटोपतो आणि उरलेल्या पत्रात तू न विचारलेले सांगतो.

भोंगा म्हणजे आकाशगंगेतील हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करणारे जस्ती पत्र्याचे मोठे चौकोनी नरसाळे. माझ्या भोंग्याचे तोंड ७५ सेंटिमीटर बाय ६० सेंटिमीटर आहे आणि निमुळत्या बाजूला थिनरचा रिकामा डबा जोडला आहे. डब्यात सव्वापाच सेंटिमीटरची तांब्याची काडी उभी आहे, कारण हायड्रोजनच्या लहरीची लांबी २१ सेंटिमीटर आणि काडी तिच्या पाव हिश्शाची. धान्याच्या कोठ्या करणाऱ्या कारागिराकडून तो करून घेतला, तेव्हा “सर, ह्या कोठीला झाकण नको?” असे त्याने तीनदा विचारले. झाकण नको हे खरे, पण पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद ताणून बांधावाच लागतो. १९५१ साली हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी ही लहर पहिल्यांदा टिपली, तेव्हा त्यांचा भोंगा प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर होता आणि पावसाचे पाणी त्यातून थेट आत येई. आपल्या खानापूरच्या पावसाची गोष्ट तर तुला सांगायलाच नको.

काडीला लागूनच क्षीण संकेत वाढवणारा वर्धक बसव. लांब केबलच्या खालच्या टोकाला बसवलास तर केबलने वाटेत गिळलेले पुन्हा मिळत नाही. खाली लहरींचे आकडे करून संगणकाला देणारे, टीव्हीसाठी मिळते ते बोटाएवढे डोंगल आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, एवढे पुरते. डोंगल निरीक्षणाच्या अर्धा तास आधी सुरू करून ठेव, कारण ते तापून स्थिर होईपर्यंत त्याची वारंवारता सरकत राहते. गेन म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते; तो आपोआप कमी-जास्त होण्याची सोय आठवणीने बंद कर. ती चालू राहिली तर आकाश उजळले की यंत्र स्वतःच आवाज कमी करते आणि आपण मोजायला बसलो होतो तेच पुसले जाते. शिवाय आपण ऐकतो त्या वारंवारतेच्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर डोंगलचा स्वतःचा एक खोटा सुळका असतो. म्हणून मध्य हायड्रोजनच्या १४२०.४ मेगाहर्ट्झवर न ठेवता थोडा बाजूला ठेवावा. मी मात्र पहिले आठ दिवस त्या सुळक्यालाच हायड्रोजन समजून घरात पेढे वाटले होते.

आता साठवणीचे. डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने घेते आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट लागतात. सगळे कच्चे जपून ठेवायचे म्हटले तर तासाला सव्वासतरा जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड चार तासांच्या आत भरते. उलट संगणकाने जागच्या जागी वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर ते, काढला, त्याचे १,०२४ खाने केले आणि दर दहा सेकंदांची सरासरी तेवढी लिहिली, तर तासाला दीड एमबीसुद्धा होत नाही. मुलांसाठी हाच मार्ग घे. अडचण एवढीच की एकदा सरासरी झाली की मागे जाता येत नाही. मधल्या दोन सेकंदांत कोणाच्या पंपाच्या स्टार्टरची ठिणगी आली असेल, तर ती त्या दहा सेकंदांत कायमची मिसळून जाते. म्हणून मी प्रत्येक रात्रीची पाच मिनिटे कच्ची ठेवतो, म्हणजे संशय आलाच तर तपासायला काहीतरी हाताशी राहते.

सुरुवातीला आणि शेवटी भोंगा जमिनीकडे, मग आकाशाच्या रिकाम्या भागाकडे वळवून दोन-दोन मिनिटांची नोंद घे. जमीन साधारण ३०० केल्व्हिनची आणि आकाश त्या मानाने थंडगार, तेव्हा या दोहोंच्या गुणोत्तरावरून यंत्राचा स्वतःचा गोंगाट किती ते कळते. हे केले नाहीस तर पडद्यावर हायड्रोजनचा उंचवटा दिसेल, पण तो किती उंच आहे हे सांगता येणार नाही.

एप्रिलअखेरच्या एका रात्रीची गोष्ट आता सांगतो. भोंगा सरळ माथ्यावर रोखून ठेवला होता. आपण त्याला हात लावायचा नाही, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि आकाशगंगा आपणहून भोंग्यासमोरून सरकते. व्यत्यय नको म्हणून मोबाइल बंद करून खालच्या खोलीत ठेवला होता, त्यामुळे संगणकाला इंटरनेट नव्हते. वळवाचा वारा सुटला आणि एक वाजून दहा मिनिटांनी करंट गेला. एक सत्तावन्नला आला तेव्हा झोपेतच प्रणाली पुन्हा सुरू केली, स्वयंपाकघरातील भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि पाठकोऱ्या कागदांच्या वहीत पेन्सिलीने लिहिले: “१.१० करंट गेला. १.५७ आला.” मग आडवा झालो.

सकाळी आलेख काढला. त्या दिवशी सहाच्या सुमारास यायला हवा होता तो उंचवटा चार वाजून वीस मिनिटांनीच येऊन गेलेला! करंट गेल्याची खोच तर आलेखात कुठेच नव्हती. दुपारपर्यंत मी भोंगा कलला असेल म्हणून ओळंबा लावत बसलो. मग वही उघडली. माझ्याकडच्या या छोट्या संगणकात स्वतःचे घड्याळ नसते; तो तासातून एकदा वेळ लिहून ठेवतो आणि इंटरनेट नसेल तर सुरू होताना तीच शेवटची वेळ खरी धरतो. त्याने शेवटची वेळ १२.१७ ला लिहिली होती, म्हणून १.५७ ला जागा होऊन तो पुन्हा १२.१७ पासूनच मोजू लागला. एक तास चाळीस मिनिटे, म्हणजे २५ अंश आकाश चुकले. त्यातही वाईट असे की माझ्या दहा-दहा मिनिटांच्या फायलींना वेळेचीच नावे होती, त्यामुळे १२.२० ते १.०० या पाच फायलींवर नव्या फायली लिहिल्या गेल्या. त्या गेल्या त्या गेल्याच. बाकीची रात्र पेन्सिलीच्या त्या एका ओळीमुळे सरळ करता आली.

तेव्हापासून नाण्याएवढ्या सेलवर चालणारे वेगळे घड्याळ संगणकाला जोडले आहे, इन्व्हर्टर आहे, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर प्रणाली लिहायला नकार देते. तरी वही सुटलेली नाही. भोंग्याचा कल, गेन, आभाळ, वारा, कोण जागे होते, काय बिघडले, हे सगळे घडल्याबरोबर लिहायचे. सकाळी आठवून लिहिलेले मी स्वतःही धरत नाही.

विज्ञान दिनाला मुलांना घेऊन खोडदची जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो, ते तुला ठाऊक आहे. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांच्या ४३५ जोड्या, आणि तीन बाहूंवर पसरलेला सुमारे २५ किलोमीटरचा पल्ला. एवढ्या पसाऱ्यातही निरीक्षणाची सुरुवात तेजस्विता नक्की माहीत असलेल्या ३सी२८६ सारख्या स्रोतापासून करायची आणि मग दर अर्ध्या-पाऊण तासाने जवळच्या एखाद्या ओळखीच्या स्रोताकडे वळून यायचे, हीच रीत आहे. आपण भोंगा जमिनीकडे वळवतो तो त्याच कुळातला प्रकार. मुले तबकड्यांचे फोटो काढत होती. मी मात्र कोणती तबकडी किती वाजता बंद होती याची नोंद कशी ठेवतात, तेच विचारत राहिलो.

तुझ्या डिसेंबरच्या बेताविषयी एक. त्या दिवसांत मध्यरात्री माथ्यावरून आकाशगंगेची केंद्राच्या उलट दिशेची बाजू जाते, त्यामुळे एकच अरुंद उंचवटा दिसेल. दोन-तीन उंचवटे वेगवेगळे दाखवायचे असतील, तर एप्रिल-मे महिन्यांत पहाटे पुन्हा बस. तारा रोज चार मिनिटे लवकर येतो, तेव्हा दोन रात्री ताडून पाहताना तेवढे वजा कर. आणि वेळ एकतर सगळी भारतीय लिही, नाहीतर सगळी जागतिक. दोन्ही मिसळल्या की साडेपाच तासांचा घोळ होतो.

गच्चीवर दक्षिणोत्तर रेषा आखताना घड्याळातल्या बारावर विसंबू नकोस. आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला आहोत, म्हणून सूर्य सरासरीने ३२ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. काठीची सावली सर्वांत आखूड होईल तेव्हाच खडूने रेघ मार. थिनरचा एक डबा तुझ्यासाठी धुऊन ठेवला आहे; पुढच्या रविवारी आलास तर घेऊन जा, आणि येताना कोरी वही आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत