आई, गाठोडं माझ्याकडे आहे

धारवाड

तीर्थरूप बाबा व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, माळ्यावरच्या ट्रंकेतलं जुन्या कापडांच्या तुकड्यांचं गाठोडं चोरीला गेलेलं नाही, उंदरांनीही नेलेलं नाही. ते इथे माझ्या कपाटात आहे. गेल्या खेपेला तू दुपारची पडली होतीस, बाबांनी शिडी धरली आणि मी ते काढलं. बाबांवर रागावू नकोस, त्यांना मी 'ऊन दाखवायला काढते' एवढंच सांगितलं होतं. तुला विचारलं असतं तर तू 'राहू दे गे, दिवाळी झाली की मीच शिवायला बसते' म्हणाली असतीस. ती दिवाळी किती वर्षं यायची आहे ते तुलाच ठाऊक.

आणि ऊन दाखवायची गरज होतीच. खानापूरच्या पावसात बंद ट्रंकेत काय होतं ते मी सांगायला नको. अबोली खणाच्या घडीवर बुरशीचे ठिपके होते, दोन काठ हातात घेतल्यावर विरले. आणखी एक पावसाळा गेला असता तर निम्मं गाठोडं पुसायच्या फडक्यांना गेलं असतं.

खरं कारण वेगळं आहे. त्या दिवशी तू वाकळीला ठिगळ लावत होतीस, बोटाला सुई टोचली आणि तुला कळलंच नाही. कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा 'हे कुठनं आलं' म्हणालीस. साखर आहे, बोटं बधिर होताहेत, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि तरी रात्री साडेनऊला तू सुई घेऊन बसतेस. मला इथे झोप लागत नाही गे.

म्हणून मी ठरवलं आणि करूनही टाकलं. गाठोड्यातले बरेचसे तुकडे माझ्या चार मैत्रिणींना वाटले. विकले नाहीत, दान केले नाहीत. त्यांनी आपापल्या घरचे तुकडे मला दिले, मी तुझे त्यांना दिले. आम्ही मिळून त्यांचे चौकोन शिवतोय, शिवून झालं की तुझे तुझ्याकडे येणार.

बाबा, तुम्हाला शिलाईतलं सांगते म्हणजे तुम्ही आईला नीट समजावाल. खाली मांजरपाटाचा 12 इंचांचा चौकोन, चारी बाजूंनी अर्धा इंच जास्तीचा. त्यावर तुकडे बसवायचे, पण वाकळीसारखे सरळ ओळीत नाहीत. तिरके, त्रिकोणी, जसे हाताला येतील तसे. उभा-आडवा धागा बघायचा नाही, तुकडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, आला तरी चालतो, कारण ताण खालचं कापड घेतं. मग प्रत्येक जोडावर भरतकाम: साखळी टाका, काज टाका, हेरिंगबोन, गाठीचा टाका. जोड झाकायचा नाही, नटवायचा. चौकोन फिरत जातो. एकीने तुकडे लावले की दुसरीने एकाच जोडावर काम करायचं आणि पुढे पाठवायचा. दुसरीच्या तुकड्याला कात्री लावायची नाही, एवढा एकच नियम.

याला क्रेझी क्विल्ट म्हणतात. अमेरिकेतला प्रकार. 1876 साली फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या जपानी वस्तूंवरची वेडीवाकडी नक्षी बायकांच्या मनात भरली असं म्हणतात, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं रेशमाच्या-मखमलीच्या तुकड्यांचं खूळच लागलं. खूळच, कारण ते पांघरायला नव्हे, दिवाणखान्यात मिरवायला. गंमत म्हणजे त्यातलं पुष्कळ रेशीम आता पिठासारखं झडतंय. वजन वाढावं म्हणून त्या काळी रेशमाला धातूचे क्षार पाजायचे. तुम्ही दुकानात म्हणायचात ना, रेशीम हाताला फार जड लागलं की आधी संशय घ्यावा!

आता आई, तुझी शंका: परक्या बायकांच्या हातात आपले कपडे. तर ऐक. इथली आमच्या गल्लीतली कसुती करते, म्हणजे इकडचं धागे मोजून करायचं भरतकाम. गवंती टाका घालते तेव्हा उलट बाजू बघितली तरी सुलटच वाटते, कुठे गाठ नाही. तुझ्या हिरव्या इरकलीच्या तुकड्याशेजारी तिने तुळशीवृंदावन काढलंय, धागे मोजून. दुसरी हल्याळची. तिथल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशातल्या, बायकांकडे बसून शिकलीय. त्या वाकळ कडेपासून सुरू करतात आणि शिवत शिवत मध्याला येऊन संपवतात, चारी कोपऱ्यांना कापड दुमडून फुलं बसवतात. ती म्हणाली, फुलाशिवाय कोपरा मी सोडणार नाही. मी म्हटलं, नको सोडूस. तिसरी निपाणीची, तिच्या सासूबाई आयुष्यभर विड्या वळत आल्या, त्यामुळे त्या घरात बोटांना स्वस्थ बसणं माहीतच नाही. चौथी गडहिंग्लजची, शाळेत शिकवते, तिला मणी आणि बटणं लावायची फार हौस. तिला मी बजावलंय की आईच्या अंगाला काही टोचता कामा नये. बाबा, तुमच्या दुकानातला बटणांचा डबाही मीच आणलाय. शिंपल्याची बटणं तिला मोजून दिली.

तिचं पार्सल मध्ये आठवडाभर अडकलं. सीमेच्या तंट्यात कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडच्या बस बंद होत्या. तुम्हाला ते सांगायला नको.

आणि परक्या म्हणजे कोण गे? माझ्या वेळी तुझे दिवस भरत आले तेव्हा सोप्यात कोण कोण बसायचं ते तूच सांगितलंयस. समोरच्या अव्वा मराठी बोलत नव्हत्या, तू कन्नड धड बोलत नव्हतीस, तरी माझ्या दुपट्याची एक बाजू अव्वांची आहे. त्यांचा धावदोरा लांब, तुझा तांदळाच्या कण्यांसारखा. अजून ओळखू येतो.

मला माझं कामही आठवतं. शाळेला जायच्या आधी सगळ्या सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायचा. माझा फ्रॉक नीट असो नसो, तुझ्या सुया भरलेल्या पाहिजेत. परवा बाबा फोनवर सहज म्हणाले, आई शेजारच्या पोराची वाट बघत बसते दोरा ओवून घ्यायला. त्या रात्री मी निपाणीला पहिलं पार्सल बांधलं.

थंडीचं काय, असं विचारशील. निळी वाकळ घरात आहेच, ती मी नेलेली नाही. सोलापुरी चादर कपाटातून काढून वापरा, पाहुण्यांसाठी ठेवू नका. पाहुणे म्हणजे मीच, आणि मला ती नको. बाबांच्या गुडघ्यांवर घ्यायला लोकरीची पट्टी पाठवतेय. नवरात्राआधी अंथरुणं-पांघरुणं धुवायला मलप्रभेवर जायचं नाही. ओली वाकळ माझ्याच्यानं उचलत नाही, तू कसली उचलतेस! धोब्याकडे द्या, पैसे मी देते. आणि हे चौकोन घरी आले की त्यांना दगडावर आपटायचं नाही, पाण्यात तर घालायचंच नाही. वर्षातून दोनदा सावलीत वाऱ्याला टाकायचं, बस्स.

ऑपरेशनची तारीख मी घेतलीय, बेळगावात. हेही विचारलं नाही, माहीत आहे. पण पावसात खानापुराहून जा-ये नको म्हणून उघडीप बघूनच घेतलीय, आणि आठ दिवस मी रजेवर आहे. मऊ भात, मेतकूट, सगळं मी करीन. तोवर रात्री सुई बंद. शिलाई मशीनवर झाकण. साखर तपासून वहीत लिहायची, मनात नाही. बाबा, बेळगावला गेलात की कुंदा आणता आणि 'खवाच तर आहे' म्हणून तिला देता, ते मला कळतं. आणि शिडीवर चढायचं नाही, ट्रंक आता रिकामीच आहे.

रिकामी म्हणजे अगदीच नाही. आजीचं जांभळं पातळ मी कुणालाच दिलं नाही. उलगडलं, पदराला हात लावला आणि घडी घालून पुन्हा ठेवून दिलं, कडुनिंबाचा पाला घालून. त्यातला तुकडा मधल्या चौकोनात बसवायचा की नाही हे तूच ठरव. नको म्हणालीस तर नको. मधला चौकोन तसाही कोरा ठेवलाय. डोळा बरा झाला की डॉक्टरांना विचारून दिवसाउजेडी, अर्धा तासच, तू बसायचंस. दोरा मी ओवून देईन.

तुमची लाडकी,
चिमी

ता. क. बाबा, मांजरपाट तीन मीटर लागेल. बाजारातून तुम्हीच बघून घ्या, मला इथे खळीचाच देतात. रात्रभर पाण्यात घालून आकसू द्या, वाळवून मगच पाठवा. कापू मात्र नका, मी कापीन. बरं, तुम्हीच कापा.