घरच्या सामानाची बिस्किटं आणि घटीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांमधल्या भट्ट्यांवर गर्दी वाढते. रविवारी, किंवा ज्या गावाचा बाजार ज्या वारी असेल त्या वारी, आजूबाजूच्या खेड्यांतले लोक मैदा किंवा कणीक, साखर आणि तुपाचा डबा घेऊन येतात. सामान भट्टीवर ठेवायचं, भाजीबाजार उरकायचा आणि घरी जाताना बिस्किटांचा डबा उचलायचा. पाकिटातली बिस्किटं गल्लोगल्ली मिळत असतानाही ही पद्धत टिकून आहे, कारण डब्यात काय आहे ते घरच्या माणसाला ठाऊक असतं.

पण या व्यवहारात एक आरोप हमखास होतो : ‘भट्टीवाल्यानं सामानात मारलं.’ कुठे तो खराही असेल. तरी बरीचशी भांडणं घट किती धरायची हे दोन्ही बाजूंना माहीत नसल्यानं होतात. आम्ही भट्टीवर काम करणारे आहोत. हा हिशेब सगळ्यांपुढे यावा म्हणून हे पत्र.

नानकटाईचं साधं माप घ्या. १ किलो मैदा, ६०० ग्रॅम पिठीसाखर, ६०० ग्रॅम तूप. एकूण २ किलो २०० ग्रॅम. साखरेत पाणी नसतं, नीट कढवलेल्या तुपात आणि डालड्यातही जवळपास नसतं. पाणी असतं ते मैद्यात, १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किलोला १३० ग्रॅम. भाजलेल्या बिस्किटात ते ३-४ टक्क्यांवर येतं. त्यामुळे भट्टीत उडून जातं ते साधारण ४५ ते ६५ ग्रॅम. परातीला, हाताला आणि पत्र्यांना चिकटलेलं, तुटून चुरा झालेलं मिळून आणखी ३०-४० ग्रॅम धरा. म्हणजे २ किलो २०० ग्रॅम सामानाचा तयार माल २ किलो १०० ग्रॅमच्या जवळ यायला हवा. २ किलो ५० ग्रॅम आला तरी वावगं नाही. २ किलोच्या खाली उतरला तर विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे आणि उत्तर देणं भट्टीवाल्याचं काम आहे.

घोटाळा दुधामुळे आणि लोण्यामुळे होतो. कणकेच्या बिस्किटांना कोंड्यामुळे ओल जास्त लागते, म्हणून किलोमागे १०० ते १५० मिली दूध घालतात. दुधात १०० ला ८७ भाग पाणी. तेवढं वजन भट्टीत जाणारच, ते घटीत धरू नये. घरचं लोणी दिलं तर हिशेब आणखी बदलतो. बाजारातल्या बटरमध्येच १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, घरच्या लोण्यात तर ताक किती राहिलंय यावर सगळं अवलंबून. लोणी कढवून तूप करूनच आणावं. बिस्किटही खुसखुशीत होतं आणि वजनाचा वादही उरत नाही.

वाद नको असेल तर तीन गोष्टी सामान देतानाच ठरवा. प्रत्येक जिन्नस गिऱ्हाइकासमोर मोजून चिठ्ठीवर लिहायचा. मजुरी पिठाच्या किलोवर की तयार मालाच्या किलोवर, ते आधी बोलायचं. निम्मी भांडणं इथली असतात, कारण १ किलो पिठाचा माल २ किलोच्या वर जातो. आणि घाणी, म्हणजे एका वेळी मळून भाजायचा माल, वेगळी होणार की दुसऱ्याच्या सामानात मिसळणार, हे विचारायचं. १ किलोची घाणी मोठ्या परातीत आणि मोठ्या पत्र्यांवर स्वतंत्र काढणं परवडत नाही. असं सामान एकत्र केलं जातं आणि एकाचं साजूक तूप दुसऱ्याच्या डालड्यात जातं. पीठ ३ किलोच्या पुढे असेल तर वेगळी घाणी मागावी. कमी असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी एकाच तुपाचं सामान मिळून आणावं. पत्र्यावर नावाची चिठ्ठी नुसती ठेवली तर भट्टीत जळते, ती पत्रे ठेवायच्या घोडीला अडकवावी लागते.

आता थंडीचं. हिवाळ्यात बिस्किट बिघडायचं पहिलं कारण तूप. पहाटे ते दगडासारखं घट्ट असतं, म्हणून घरून निघताना गॅसवर पातळ करून आणतात. इथेच चूक होते. तूप आणि पिठीसाखर फेसताना त्यात हवा धरली जाते आणि त्या हवेनं नानकटाई हलकी होते. पातळ तूप हवा धरत नाही. बिस्किट पत्र्यावर पसरतं, कडा तळल्यासारख्या होतात आणि गार झाल्यावर ते दाताला कडक लागतं. उलट घट्ट तूप फेसलंच जात नाही, पिठात त्याच्या गुठळ्या राहतात आणि भाजताना तिथे खड्डे पडतात. तुपात अंगठा दाबला की ठसा उमटावा, पण अंगठ्यावरून तूप ओघळू नये, इतकं मऊ ते हवं. त्यासाठी डबा १५-२० मिनिटं कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवला की पुरे. साखर मात्र घरून बारीक दळून, चाळून आणा. मोठा दाणा विरघळत नाही आणि बिस्किटावर तपकिरी ठिपके येतात.

पीठ मिसळल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. दूध घातल्यावर जास्त मळलं तर चिवटपणा येतो आणि बिस्किट पापडीसारखं टणक होतं. सोडा किलोमागे ५ ग्रॅमच्या पुढे गेला की रंग पिवळट येतो आणि चव साबणासारखी लागते. ‘जरा जास्त फुलू द्या’ असा आग्रह गिऱ्हाइकानं धरू नये.

वेळेचंही गणित आहे. लाकडाच्या भट्टीत पहाटे पाव भाजतात तेव्हा आत २२० अंशांच्या आसपास उष्णता असते. बिस्किटाला १६० ते १७० अंश लागतात, म्हणून त्याची पाळी पावानंतर, भट्टी उतरल्यावर येते. शेवटच्या मंद आचेवर टोस्ट वाळतात. बाजार आटोपून चार-पाच वाजता सामान आणलं तर भट्टी टोस्टच्या आचेवर आलेली असते. मग एकतर बिस्किट नुसतं वाळतं आणि पांढरं राहतं, नाहीतर घाईत पुन्हा लाकूड घातलं जातं आणि बूड जळतं. सामान आदल्या दिवशी संध्याकाळी द्यावं, किंवा बाजाराला शिरायच्या आधी, दहाच्या आत. २०-२५ ग्रॅमच्या बिस्किटाला १५ ते १८ मिनिटं पुरतात. बाहेर काढताना ते मऊच असतं, कडकपणा गार होताना येतो. ‘कच्चं दिसतंय, परत टाका’ म्हटलं की काम बिघडलं.

आणि कृपा करून गरम बिस्किटं स्टीलच्या डब्यात भरू नका. थंडीत डबा गार असतो, आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते. घरी पोचून झाकण काढलं की आतून थेंब दिसतात, वरचा थर लिबलिबीत झालेला असतो आणि दोष भाजणाऱ्याला जातो. पत्र्यावरच तासभर, जाड बिस्किट असेल तर दीड तास गार होऊ द्या. डब्याच्या तळाला रद्दी घालायची सवयही मोडायला हवी. अन्न वर्तमानपत्रात बांधायला १ जुलै २०१९ पासून देशभर मनाई आहे, कारण शाई तुपाला लागते. बटर पेपर किंवा धुतलेलं सुती फडकं घाला.

पावाबद्दल थोडक्यात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता. तसं दरवर्षी होत नाही, पण पहाटेचे ८-१० अंश आपल्याकडे नेहमीचे. अशा वेळी गार पाण्यात भिजवलेलं पीठ फुगत नाही. मळलेलं पीठ २७ अंशांना हवं. २७ ची दुप्पट ५४, त्यातून मैद्याचे अंश वजा केले की पाण्याचे अंश मिळतात. मैदा १५ अंशांचा असेल तर पाणी ३९ चं. ५५ च्या वर गेलं तर यीस्ट मरतं. कोरडं यीस्ट उन्हाळ्यात किलोला ५-६ ग्रॅम पुरतं, थंडीत १० लागतं, आणि तासाभराऐवजी दोन-अडीच तास थांबावं लागतं. न थांबता भट्टीत सारलेला पाव कडेनं फुटतो, हाताला जड लागतो आणि दाबल्यावर वर येत नाही. आलूबोंडा-तर्रीसाठी पाव घेताना एवढं बघून घ्यावं. वेळ वाचवायला पीठ सुधारायची पावडर वाढवणारेही आहेत. अशा पावडरीत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटला २०१६ पासून बंदी आहे, म्हणून पावडरच्या पुडीवर काय लिहिलंय ते भट्टीवाल्यानं वाचायलाच हवं. वनस्पती तुपाच्या पिशवीवरही ट्रान्स फॅटचा, म्हणजे हृदयाला घातक असलेल्या चरबीचा, आकडा बघावा. १ जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्के आहे.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंडाव्यातच तो सर्वांत लवकर शिळा आणि चरचरीत होतो. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि खाताना पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून गरम करा, तो पुन्हा मऊ पडतो.

नगर परिषदांकडे आणि नगर पंचायतींकडे आमची एक मागणी आहे. बाजाराच्या दिवशी, निदान संक्रांतीपर्यंत, वैधमापन विभागाचा शिक्का असलेला एक वजनकाटा बाजारात सगळ्यांसाठी ठेवावा. सामान देण्याआधी आणि माल घेतल्यावर कोणालाही तिथे फुकट वजन करता यावं. भट्टीवाल्यांनीही आपापल्या काट्यावरचा शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा आणि १ किलो पिठाला किती माल मिळेल हा आकडा दुकानाच्या पाटीवर मजुरीच्या दराशेजारी लिहावा.

आपले,
भट्टीवरचे कारागीर,
आर्वी, जि. वर्धा