मराठीचा डेटा आमच्या सीडीत पडलाय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हल्ली आपल्या पेपरात एआय आणि मराठी यावर बरंच येतं आणि रड एकच, की मराठीत डेटा, म्हणजे मशीनला शिकायला लागणारा मजकूर, कमी आहे. मी इंदूरला रामबागेत पंचवीसेक वर्षं डीटीपीचं काम केलं, लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, वधूवर सूची, जे येईल ते, त्यामुळे हे वाचलं की आधी हसू येतं आणि मग चिडचिड होते. अहो डेटा आहे, ढीगभर आहे, आम्हीच तो कुलपात ठेवला आणि किल्ली हरवून बसलो.

त्या काळी आमच्याकडे मराठी टाईप करायची म्हणजे श्रीलिपी नाहीतर कृतिदेव हे फॉन्ट, कारण गाव हिंदीचं, दोन्ही भाषांची कामं एकाच मशीनवर. कृतिदेवमधे इंग्रजी डी दाबला की पडद्यावर क दिसायचा पण फाईलच्या आत डीच साठायचा, म्हणजे कंप्युटरच्या लेखी आम्ही मराठी लिहितच नव्हतो, नुसती चित्रं काढत होतो. फॉन्ट काढला की अख्खी स्मरणिका मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी जगभरची पद्धत, तिचं पहिलं व्हर्जन १९९१ चं, त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर होता, पण आम्ही पानं लावायचो त्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोड चालत नव्हता आणि गिऱ्हाइकाला पत्रिका संध्याकाळी हवी असायची, तेव्हा कोण बघतो.

माझी भाची पुण्यात याच विषयात शिकतेय, कंप्युटरला भाषा शिकवण्याच्या. दिवाळीत आली तेव्हा तिने माझी एक जुनी स्मरणिका जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधे टाकून बघितली. सत्तरऐंशी टक्के नीट आलं. बाकीचा गोंधळ का झाला तेही मग कळलं, पहिली वेलांटी आम्ही अक्षराच्या आधी मारायचो, युनिकोडमधे ती नंतर येते, आणि रफार आम्ही शेवटी द्यायचो तर तिथे र आधी लागतो. पण खरी मजा ऱ्याची. गणपतीत स्वयंपाक सांभाळणाऱ्या आचाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता, कन्व्हर्टरने त्यांना डायरेक्ट आचार्य करून टाकलं. मान वाढला बिचाऱ्यांचा (हा शब्दही तिथे बिघडलाच असता म्हणा). हिंदीत हा ऱ्या लागतच नाही, त्यामुळे हिंदीसाठी केलेल्या टूलला तो कुठून कळणार.

आता कोणी म्हणेल जुन्या स्मरणिकांचं एवढं काय. तर भाचीने सांगितलं ते सांगतो. एआयचं मॉडेल, म्हणजे भाषा शिकलेला प्रोग्राम, जे वाचतं त्यातूनच शिकतं, आणि आपली मराठी त्याला हिंदीपेक्षा जड जाते. "राजवाड्यासमोरच्यांनासुद्धा" हा आपला एकच शब्द, हिंदीवाला त्यासाठी पाचसहा शब्द सुटे सुटे लिहितो. मशीन असा लांब शब्द तुकडे करून समजून घेतं, आणि राजवाडाचं राजवाड्या होतं हे त्याला पक्कं व्हायला तसे शब्द खूप वेळा दिसावे लागतात. म्हणजे गरज आपल्याला जास्त मजकुराची आणि नेटवर मजकूर आपला कमी. काम करणारे करतायत, आयआयटी मुंबईने मराठी वर्डनेट केलं म्हणजे शब्दांच्या अर्थांचं जाळं, पुण्याच्या एल३क्यूब या संशोधक गटाने मराठीचं महाबर्ट मॉडेल काढलं, केंद्र सरकारची भाषिणी, म्हणजे भारतीय भाषांच्या भाषांतराची सेवा, २०२२ पासून आहे. पण त्यांना नेटवर सापडणार ते पेपरांचं आणि वेबसाइटचं, मुख्यतः पुण्यामुंबईचं. आमची इंदूरची मराठी त्यात कुठाय?

आणि ती वेगळी आहे बरं का. आमच्याकडे माणूस "येऊन राहिलाय", पुण्यात तो "येतोय". मी फोनवर बोलून टाईप करायला जातो तर दुसऱ्या वाक्याला तो हिंदीत शिरतो, त्याला बहुतेक वाटतं की हा गृहस्थ वाईट हिंदी बोलतोय. भाषांतराची तीच गत, आमच्या मंडळाच्या हिंदी पत्रकातला "शिक्षा कार्यक्रम" मराठीत आला तो शिक्षेचा कार्यक्रम होऊन, आणि पोरांनी तो तसाच ग्रुपवर टाकला.

म्हणून विनंती आधी आपल्यालाच. आपल्या पेपरच्याही जुन्या फायली अशाच कुठल्यातरी फॉन्टमधे असणार, त्या युनिकोडमधे करून घ्या. लेखकांच्या परवानगीचा प्रश्न येईल, तो सोडवा, पण निदान बातम्यांपासून सुरुवात करा. आणि इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेरच्या मंडळांनी आपापली कपाटं उघडावीत. फाईल नसेल तर छापील अंक स्कॅन करा, टेसरॅक्ट नावाचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि त्याला मराठी येतं, चुका होतात, त्या तपासायला आम्ही रिटायर्ड लोक बसलोच आहोत, दुपारी तसंही काय करतो. बोलीचा आवाज हवा असेल तर भाषिणीच्या भाषादानमधे आपली वाक्यं रेकॉर्ड करून देता येतात, मी दिली आहेत, बायको म्हणाली एवढं प्रेमाने माझ्याशी कधी बोलला नाहीत.

माझ्याकडे स्मरणिकांच्या एकोणीस सीडी आहेत, मंडळांची हो आली की जो कोणी हे काम हाती घेईल त्याला लगेच देतो. फक्त सीडी ड्राइव्ह चालू असलेला कंप्युटर शोधावा लागेल, माझा गेल्या पावसाळ्यात गेला आणि जेल रोडवर विचारलं तर दुकानातला पोरगा म्हणाला, भिया, अब ये कौन रखता है.

आपला,
एक जुना डीटीपीवाला
रामबाग, इंदूर