सिस्टर, तुम्ही तिला बोट विचारलंत

आदरणीय सिस्टर,

शाळेच्या जिन्याखालच्या तुमच्या छोट्या दवाखान्यात मी आजवर तीनदा आले. तिन्ही वेळा डोळे भरून आले आणि बोलायचं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडच लिहितेय.

माझी तेरा वर्षांची लेक महिनाभर नुसतं पाणी पीत होती. रात्री चार-चारदा लघवीला उठायची. कपडे अंगावर सैल व्हायला लागले होते. मी तिला दोन डॉक्टरांकडे नेलं. एकाने वाढीचं वय आहे म्हणून टॉनिक लिहून दिलं, दुसऱ्याने युरिन इन्फेक्शन असेल म्हणून गोळ्या दिल्या. दोघांनी जे विचारलं ते मला विचारलं. ती शेजारच्याच खुर्चीवर बसली होती, तिच्याकडे वळून "तुला काय होतंय गं?" असं एकानेही म्हटलं नाही. रक्ताचा एक थेंब आणि काही सेकंद, एवढीच तपासणी करायची राहिली होती. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे ती आली ती डोकं दुखतंय असं सांगून. खरं म्हणजे तासातून सारखं उठून बाथरूमला जायची तिला लाज वाटत होती, वर्गातल्या मुली हसत होत्या. हे तिने मला घरी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही दार लोटून घेतलंत आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत समोरचं रजिस्टर मिटून ठेवलंत.

मग रक्तातली साखर मोजायचं मशीन काढलंत आणि तिला विचारलंत, "कोणतं बोट देतेस?"

तिने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. तुम्ही टोकाला न टोचता कडेला टोचलंत, तिथे कमी दुखतं म्हणून, आणि तेही तिला आधी सांगून. मशीनवर आकडा आलाच नाही. नुसतं 'हाय' आलं, म्हणजे साखर मशीनच्या मोजण्याच्या पलीकडे. पुढचं सगळं धावपळीत झालं. हॉस्पिटलमध्ये कळलं की तिला टाइप १ डायबेटिस आहे आणि रक्तात आम्ल साचायला सुरुवात झाली होती. तिथून ती सुखरूप घरी आली. पण त्या महिन्यातलं तिला नीट आठवतं ते एकच: "सिस्टरांनी मला बोट विचारलं." महिनाभर तिच्याविषयी सगळे बोलत होते, तिच्याशी बोललात तुम्ही.

टाइप १ डायबेटिस गोड खाल्ल्याने होत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते, यात आईचा दोष नसतो, हे तुम्ही मला फोनवर दोनदा सांगितलंत. दुसऱ्यांदा सांगितलंत तेव्हा कुठे ते माझ्या आत उतरलं. आणि लेकीला तुम्ही लेनर्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितलीत. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत त्याला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. ते नीट लागू पडलं नाही, मग औषध आणखी शुद्ध करून २३ तारखेला पुन्हा दिलं आणि पोरगं सावरलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. ही गोष्ट ऐकून आली त्या दिवशी लेकीने इंजेक्शन पहिल्यांदा स्वतःच्या हाताने घेतलं.

दुपारच्या डोससाठी नोकरी सोडावी लागणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तुम्ही म्हणालात, "दुपारचं माझ्याकडे." साखर सत्तरच्या खाली जाऊन हात थरथरले की पंधरा ग्रॅम साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे तिच्या वर्गशिक्षकांनाही तुम्हीच शिकवलंत. शाळेत दवाखाना असला की मुलाला अपॉइंटमेंट लागत नाही, आईबापांना रजा काढावी लागत नाही, आणि जे घरी सांगता येत नाही ते सांगायला एक दार असतं. वयात येणाऱ्या मुलामुलींना या दाराची किती गरज असते, ते मला आता कळलंय.

१९०२ साली न्यूयॉर्कमध्ये लिना रॉजर्स या नर्सची चार शाळांवर नेमणूक झाली होती. तोवर डॉक्टर शाळेत येत, आजारी मूल हुडकत आणि घरी पाठवून देत. पुढे त्याच्यावर उपचार होतात की नाही, याची वास्तपुस्त कुणी करत नसे. लिनाबाई त्या मुलांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेल्या आणि मुलं पुन्हा वर्गात दिसू लागली. तुम्ही त्याच माळेतल्या आहात, सिस्टर. आपलं काम नेमून दिलेल्या रेघेपाशी संपत नाही असं मानणारी माणसं जिथे असतात, तिथे मूल सोपवून निर्धास्त राहता येतं.

काल रात्री जेवणाआधी मी मशीन घेऊन बसले आणि विचारलं, "कोणतं बोट?" तिने उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. डावी करंगळी घरी द्यायची नाही म्हणाली. ती दुपारची, तुमची.

तुमची ऋणी,
आठवीतल्या त्या मुलीची आई