बंद कंपनीतील कामगार कुटुंबांसाठी मदतीचे आवाहन

भोसरी परिसरातील सर्व सभासद, वर्गणीदार व हितचिंतक यांस,
स. न. वि. वि.

गेटवर नोटीस लागल्याचे आपणांस ठाऊक आहेच. गाड्यांचे प्रेस पार्ट (पत्रा दाबून घडवलेले सुटे भाग) बनवणारी आपल्या भागातली कंपनी अखेर बंद झाली. जुन्या मॉडेलची ऑर्डर थांबली, नव्याची दुसरीकडे गेली. आधी तिसरी शिफ्ट गेली, मग दुसरी, आता पहिलीही.

या कामगारांची ओळख करून द्यायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा मंडळाच्या टेम्पोतला निम्मा शिधा प्रेस शॉपच्या पोरांनी गोळा केला होता. लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या मजुरांसाठी कँटीनच्या मामांनी स्वतःची भांडी आणून मंडपात दोन्ही वेळा भात-आमटी शिजवली. टूलरूमने एक दिवसाचा पगार दिला. वाचनालयाची कपाटे वेल्डिंगवाल्यांनी साप्ताहिक सुट्टीत बनवली, मजुरीचा रुपया घेतला नाही. जुनी पावतीपुस्तके चाळून पाहा, हीच नावे भेटतील. त्यांनी मंडळाकडे कधी काही मागितले नाही, आजही मागत नाहीत. मागतो आहोत आम्ही.

पर्मनंट कामगारांना सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळायला हवा, ग्रॅच्युइटी वेगळी. पण फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, अडकले आहे. सात-सात महिन्यांनी ब्रेक घेऊन राबलेल्या कंत्राटी मुलांच्या हाती तर पीएफशिवाय काहीच नाही. त्यांची सलग वर्षे कागदावर कधी भरलीच नाहीत. घरभाडे आणि शाळेची फी मात्र थांबत नाही.

मागच्या बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, ते मनाला लागले. तळेगावच्या जनरल मोटर्सचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, तेव्हाही आपल्यातले बरेच जण ‘ते तिकडचे’ म्हणाले होते. हे तर आपल्या गल्लीतले आहेत.

रोख वा चेक मंडळाच्या कार्यालयात सायं. ७ ते ९, पावती घ्यावीच. ऑनलाइनसाठी खाते क्रमांक फलकावर, खात्री खजिनदारांकडे. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल सीलबंद द्यावे. आठवी ते बारावीची पुस्तके चालतील, फाटकी नकोत. व्हीएमसी (संगणकावर चालणारे कटिंग मशीन) ऑपरेटर, फिटर, वेल्डर, क्वालिटीची जागा कुठे असल्यास आधी कळवा, देणगी नंतर दिली तरी चालेल. पहिले वाटप येत्या रविवारी, त्यामुळे शिधा शुक्रवारपर्यंत पोचावा.

आपला,
सचिव