जुन्या अंकांतील छायाचित्रे काळवंडू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी मराठी मासिके स्कॅन करून वाचकांना घरबसल्या उपलब्ध करून देणाऱ्या ग्रंथालयांचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. तथापि या संग्रहांत मजकूर स्वच्छ उमटलेला असताना छायाचित्रांची मात्र अनेकदा रया जाते. अलीकडे पाहिलेल्या एका अंकात लेखकाच्या छायाचित्रातील पगडी आणि मिशा तेवढ्या ओळखू येत होत्या. कपाळ व गाल कागदाच्या पांढऱ्यात विरले होते.

याचे कारण ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा स्कॅनरवरील पर्याय. त्यात ० ते २५५ या मापाने उजळता मोजून साधारणपणे १२८च्या खालचा बिंदू काळा आणि वरचा पांढरा ठरवला जातो. अक्षरांना हे चालते, चेहऱ्याला चालत नाही.

केवळ काळ्या-पांढऱ्या बिंदूंतूनही करड्या छटांचा भास निर्माण करता येतो. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत १०० उजळतेचा बिंदू काळा ठरला, तर ती १०० उजळता वाया जात नाही. तिचे ७/१६ उजवीकडच्या, ५/१६ खालच्या, ३/१६ खाली डावीकडच्या आणि १/१६ खाली उजवीकडच्या बिंदूला मिळते. त्यामुळे पुढचे बिंदू पांढरे ठरण्याचा संभव वाढतो आणि थोड्या अंतरावरून डोळ्यांना करडी छटा दिसते. अक्षरांच्या कडा मात्र याने खरखरीत होतात, म्हणून ही पद्धत सरसकट सगळ्या पानाला लावू नये.

जुन्या अंकांत आणखी एक अडचण आहे. त्यांतली बरीचशी छायाचित्रे हाफटोन ब्लॉकवरून, म्हणजे मुळातच लहानमोठ्या ठिपक्यांनी छापलेली आहेत. (याच तंत्रावर कोलकात्यात बंगाली लेखक व मुद्रक उपेंद्रकिशोर राय यांनी केलेले संशोधन आपल्याकडे फारसे कोणी आठवत नाही, याची खंत वाटते.) अशा ठिपक्यांवर नवे ठिपके चढवले की चित्रावर नको ती जाळीदार नक्षी उमटते. म्हणून चित्रांची पाने ग्रेस्केलमध्येच, म्हणजे करड्या छटा राखूनच, स्कॅन करावीत. ए-४ आकाराच्या पानाची ३०० डीपीआयची (इंचाला ३०० बिंदू) फाइल संक्षेपापूर्वी (कॉम्प्रेस करण्याआधी) ‘ब्लॅक अँड व्हाइट’मधील सुमारे १ एमबीऐवजी ८.७ एमबी होईल. परंतु अशी पाने अंकात मोजकीच असतात.

स्कॅनिंगचे काम बाहेर देताना ग्रंथालयांनी ही अट करारातच घालावी, आणि पूर्वी स्कॅन झालेल्या अंकांतील निदान छायाचित्रांची पाने, मूळ प्रती हाताळण्याजोग्या आहेत तोवर, पुन्हा स्कॅन करून घ्यावीत.

आपला,
एक वाचक, पुणे